‘रिसर्च आउटपुट’, ‘सायटेशन’, ‘कोलॅबोरेशन’ : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पेरोव्स्काइट सौरघटांवर (पेरोव्स्काइटसारखी स्फटिकरचना असलेला पदार्थ वापरून उन्हापासून वीज करणारे घट) जगभरात किती संशोधन होतं आणि कोणते देश एकत्र काम करतात, यावरचा लेख मराठीत आणतेय. ‘संशोधन उत्पादन’ लिहिलं, तर साबणाचा कारखानाच डोळ्यांसमोर आला. ‘निष्पत्ती’ चालेल? बाकीच्या दोन शब्दांना काय म्हणू? आणि या मोजणीच्या शास्त्राला ‘ग्रंथमिती’च म्हणतात ना?

उत्तर : हो, ‘ग्रंथमिती’च. ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९मध्ये मांडलेल्या ‘बिब्लिओमेट्रिक्स’चा हा प्रतिशब्द. मोजतात निबंध आणि नाव ग्रंथाचं, हे खरं; पण भूमितीत तरी आता जमीन कोण मोजतं?

‘निष्पत्ती’ मात्र नको. निष्पत्ती म्हणजे शेवटी हाती काय लागलं ते. २००९मध्ये जपानी संशोधक मियासाका यांच्या गटाच्या पेरोव्स्काइट सौरघटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. ही झाली निष्पत्ती. तुमच्या लेखात पेपर मोजलेत ना? मग सरळ ‘शोधनिबंधांची संख्या’ लिहा.

उत्तर : सायटेशनला, म्हणजे एका निबंधात दुसऱ्याचा दाखला देण्याला, ‘अवतरण’ नको, लोकांना अवतरणचिन्ह आठवतं. ‘उद्धरण’मध्ये उद्धार डोकावतो. मी ‘संदर्भ’ वापरतो, क्रियापदाने दिशा कळते : आपण संदर्भ देतो, आपल्या निबंधाला संदर्भ मिळतात.

उत्तर : ‘कोलॅबोरेशन’ला सवयीने ‘सहकार्य’ लिहाल, पण तिथेच गडबड आहे. अशा लेखांत मोजलेली असतात ती निबंधावर शेजारी शेजारी छापलेली नावं. कुणी नमुने पाठवले, कुणी उपकरण वापरू दिलं आणि आभारात एका ओळीत उरकलं, तर ते सहकार्य मोजणीत येतच नाही. उलट नाव आहे पण काम नाही, असेही असतात. म्हणून ‘सहलेखन’.

विचारणारी : पटलं. पण तक्त्यात देशांची बेरीज एकूण निबंधांपेक्षा जास्त येतेय. माझी चूक?

उत्तर : नाही. तीन देशांच्या लेखकांचा एक निबंध प्रत्येक देशाच्या खात्यात पुरा एक धरला, की बेरीज तीन होते. याला ‘पूर्ण मोजणी’ म्हणा. प्रत्येकाला एक तृतीयांश दिला तर ‘अपूर्णांक मोजणी’, आणि मग बेरीज जुळते. पहिल्या पद्धतीत सहलेखन जास्त करणारे देश फुगून दिसतात, तेव्हा कुठली मोजणी आहे ते तक्त्याखाली लिहाच.

आणखी एक. मोजायचे निबंध शोधताना नुसता ‘पेरोव्स्काइट’ शब्द टाकलेला नाही ना, ते मूळ लेखात बघा. ते आधी उरल पर्वतात १८३९मध्ये सापडलेल्या खनिजाचं नाव. नुसत्या नावावर भूगर्भशास्त्रज्ञांचे निबंधही सौरऊर्जेच्या खात्यात जमा होतात.

विचारणारी : बघितलं. नुसताच टाकलाय!