‘आउट ऑफ रेंज’ला मराठीत काय म्हणावे?

मीठभाकर : मच्छीमारांसाठीच्या सुरक्षापत्रकाचा अनुवाद करताना अडलो आहे. किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरांपलीकडे मोबाइल चालत नाही आणि त्यामुळे वादळाचा इशारा मिळत नाही, असा मजकूर आहे. मी ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ असे लिहिले, त्यावर एका तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) विचारले, “म्हणजे कोणाच्या हद्दीबाहेर?” दुसरा शब्द सुचवावा.

चिंतोपंत : ‘टप्पा’ घ्यावा. तोफेच्या टप्प्याबाहेर असे आपण म्हणतोच, मग मनोऱ्याच्या टप्प्याबाहेर का नको? शिवाय संपर्कावरून अंतर ठरवणे आपल्याला नवे नाही. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’पासून आला असून त्याच्या मुळाशी ‘क्रुश्’, म्हणजे ओरडणे, हा धातू आहे. हाक पोहोचेल तेवढा तो कोस.

रानवारा : व्युत्पत्ती गोड आहे, परंतु कोसभर, म्हणजे दोन मैलांवर कोणाची हाक पोहोचते, हे पंतांनी सांगावे. तांडेल स्वतः ‘रेंज गेली’ म्हणतो, तेच छापावे. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेल्या अनेक नौकांना इशारा मिळालाच नव्हता आणि केरळ-तमिळनाडूच्या कित्येक नौका पार देवगडपर्यंत येऊन लागल्या. अशा पत्रकात शब्दशुद्धीची हौस भागवू नये.

चिंतोपंत : ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे सावरकरांचे शब्दही कोणाची तरी हौसच होती.

रानवारा : ‘भ्रमणध्वनी’ मात्र आमंत्रणपत्रिकेबाहेर पडला नाही.

सांजसावली : वृत्तपत्रांनी ‘नॉट रिचेबल’ हाच मराठी शब्द करून टाकला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेस गेले, तेव्हा मथळ्यांत तोच होता. त्यात रेंज नसण्याचा संबंध नाही. फोन लागू न देणे हे तिथे राजकीय कृत्य आहे. त्याला ‘अज्ञातवास’ शोभेल.

चिंतोपंत : मुळीच नाही. विराटाच्या राजवाड्यात पांडव सर्वांच्या डोळ्यांसमोर वावरत होते. लपली होती ती ओळख.

मीठभाकर : मूळ प्रश्नात आणखी एक गुंता आहे. २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ हे यंत्र उपग्रहाद्वारे खोल समुद्रातही इशारा पोहोचवते, पण नौकेवरून उलट निरोप धाडता येत नाही. अशी नौका टप्प्यात म्हणावी की टप्प्याबाहेर?

रानवारा : “मोबाइलची रेंज संपल्यावरही या यंत्रावर इशारा मिळेल, मात्र उत्तर देता येणार नाही,” असे सरळ वाक्य लिहावे. प्रत्येक कल्पनेला एक सामासिक शब्द हवाच, हा हट्ट कशासाठी?

सांजसावली : अज्ञातवासाबद्दल पंतांचे म्हणणे पटत नाही. आज ‘अज्ञातस्थळी रवाना’ असे छापतात, तेव्हा ठिकाण लपवलेले असते, ओळख नव्हे. मूळ अर्थ तिथेच सुटला आहे.

चिंतोपंत : ‘स्थळ’ आणि ‘वास’ यांत फरक आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहितो.