'दखल देणे' की 'दखल घेणे'? परकी फौज देशात शिरते तेव्हाचे शब्द

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. विषय असा, की परकी फौज आत घुसून दुसऱ्या देशात टिकणारा बदल घडवू शकते का. पहिल्याच ओळीला अडले. मी लिहिलं, 'अमेरिकेनं इराकमध्ये दखल दिली.' पुण्याच्या नणंदेनं वाचलं आणि म्हणाली, "वहिनी, दखल देतात कशी? दखल घेतात ना?" आमच्याकडे आजीपासून सगळे 'तू मध्ये दखल देऊ नकोस' असंच म्हणत आले. मग हस्तक्षेप लिहू, ढवळाढवळ लिहू की सरळ आक्रमण?

प्रतिसाद (पुणे)

'दखल घेणे' म्हणजे नोंद घेणे. तक्रारीची दखल घेतली, बातमीची दखल घेतली. 'दखल देणे' हिंदी वळणाचं आहे. हस्तक्षेप लिहा.

प्रतिसाद (दौलतगंज, ग्वाल्हेर)

ताई, हिंदी वळण आहे हे खरं, पण खोडायची घाई नको. अरबीत 'दख़्ल' म्हणजे आत शिरणं, आपला 'दाखल' त्याच घरातला. पुण्याकडे अर्थ 'लक्ष देणे'कडे सरकला, आपल्याकडे शिरण्यापाशीच राहिला. परक्या फौजेबद्दल बोलायचं तर आपला अर्थ जास्त नेमका बसतो.

'हस्तक्षेप' मला इथे सोयीचा वाटतो आणि म्हणूनच नको वाटतो. न्यायालय हस्तक्षेप करतं, वरिष्ठ करतात. करणाऱ्याला तेवढा अधिकार आहे असं तो शब्द गुपचूप मान्य करून टाकतो. २००३ च्या इराकबाबत तोच तर वादाचा मुद्दा. 'आक्रमण' खरं आहे, पण ते सीमा ओलांडल्यापाशी संपतं. पुढची वर्षं त्यात येत नाहीत.

'ढवळाढवळ' हलका शब्द समजू नका. आमची आई कढीला उकळी येईपर्यंत पळी खाली ठेवत नसे. मी लहानपणी मध्येच पळी फिरवून पळालो तर ओरडायची, "ढवळायचं तर शेवटपर्यंत उभा राहा, नाहीतर हातच लावू नकोस, फुटेल!" ९ एप्रिल २००३ ला बगदादच्या चौकात सद्दामचा पुतळा पाडला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकी प्रशासनानं इराकचं सैन्य बरखास्त केलं. बंदूक चालवता येणारी लाखो माणसं एका हुकमानं घरी बसली. लिबियात तर २०११ मध्ये गद्दाफी मारला गेला आणि थोड्याच दिवसांत नाटोनं मोहीम संपवली. मागे एकमेकांशी लढणाऱ्या टोळ्या राहिल्या.

पण तुमच्या वाक्यातला खरा अवघड शब्द 'बदल' आहे. तोही अरबी, मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं. बदली, बदला, 'त्याच्या बदल्यात', अगदी 'याबद्दल'सुद्धा त्यातूनच. शिवाय 'बदलणे' हे क्रियापद दोन्हीकडे चालतं: 'देश बदलला' आणि 'त्यांनी देश बदलला'. ऐकताना फरक कळत नाही, आणि सगळी फसगत तिथेच होते. फौजेला बदली करता येते, खुर्चीवरचा माणूस उठवून दुसरा बसवता येतो. काबूलमध्ये २००१ मध्ये तेच केलं. वीस वर्षं पैसा ओतला, सैन्य उभं केलं, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत राजधानीत आले, शेवटचं अमेरिकी विमान उडायच्याही आधी. टिकण्यासाठी आपल्याकडे वेगळं क्रियापद आहे, 'रुजणे'. माझं मत विचाराल तर लेखात बदल कमी वापरा आणि प्रत्येक देशाबद्दल विचारा: काय रुजलं?

उदाहरणासाठी बगदादलाही जायला नको. आपल्या ग्वाल्हेरजवळचे महाराजपूर आणि पनिहार, २९ डिसेंबर १८४३, एकाच दिवशी दोन लढाया. गादीवर अल्पवयीन जयाजीराव शिंदे. इंग्रज जिंकले, दरबाराची फौज कापली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिन्जंट फौज वाढवली, पगार शिंदे सरकारच्या तिजोरीतून. शाळेत आपण 'तैनाती फौज' शिकलो ती हीच रीत. तैनात म्हणजे नेमून दिलेली. आणि जून १८५७ मध्ये मुरार छावणीत उठली ती हीच नेमून दिलेली फौज! पुढे तात्या टोप्यांनी कानपूरवर नेली तीसुद्धा तीच. फूलबागेजवळ झाशीच्या राणीच्या समाधीपाशी उभं राहिलं की मला दर वेळी हे आठवतं.

प्रतिसाद (मुरार)

काका, मग जपानचं काय? १९४७ पासूनची राज्यघटना अमेरिकी अधिकाऱ्यांनी लिहून दिली, आजवर तिच्यात एक दुरुस्ती नाही. हे रुजलं नाही तर काय?

प्रतिसाद (दौलतगंज, ग्वाल्हेर)

रुजलं, आणि ते मान्य करायलाच हवं. पण माती बघ. जपानची संसद १८९० पासून होती. सरकारी कारभार चालवणारी माणसंही बहुतेक तीच ठेवली. इराकमध्ये नेमकं उलट केलं. बांगलादेशही असाच आठव. १९७० च्या निवडणुकीत लोकांनी कौल आधीच दिला होता. आपलं सैन्य डिसेंबर १९७१ मध्ये जिंकलं आणि मार्च १९७२ मध्ये परतलं. म्हणून तिथले लोक 'मुक्तियुद्ध' म्हणतात, आणि त्यात पहिला वाटा त्यांचा स्वतःचा आहे. पुढे तिथे लष्करी राजवटी आल्या त्या वेगळ्या. देश मात्र राहिला.

आणखी एक, मनाला लागणारं. आपण मराठी माणसंही इथे फौजेबरोबरच आलो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी तळ दिला, त्या तळाचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. दोनशे वर्षांनी आपण 'दखल देणे' म्हणतो, कारण इथल्या बोलीनं आपल्याला बदललं.

प्रश्नकर्ती

काका, मग वाक्य असं करते: 'अमेरिकी फौजा २००३ मध्ये इराकमध्ये शिरल्या, राजवट बदलली, पण काय रुजलं?' आणि 'दखल देणे' पुढच्या परिच्छेदात ठेवू का?

प्रतिसाद (दौलतगंज, ग्वाल्हेर)

नक्की ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'ग्वाल्हेरकडे दखल देतात' एवढं लिहा, नणंदबाईंना पुरेल.