प्रति: पहाटेची प्रार्थना आठवड्यात का मोडते?

प्रश्नात म्हटलंय की पहाटे प्रार्थनेला एक तास ठरवला की तो नेम आठवड्यात मोडतो. मोडणारच. पहिला महिना १५ मिनिटांचा ठेवा, पण वेळ आणि जागा बदलू नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत, बायबल कागदी. नाहीतर वचन शोधता शोधता व्हॉट्सअ‍ॅप उघडतं.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधली स्तोत्रं घ्या. १५० स्तोत्रं, रोज ५, महिन्यात पूर्ण. तारखेत ३०-३० मिळवत जायचं: १२ तारखेला १२, ४२, ७२, १०२, १३२. पाच जड वाटली तर एकच, पण सावकाश आणि मोठ्याने. २९ तारखेला ११९वं येतं, १७६ ओव्यांचं. ते ३१ तारखेसाठी राखा.

मध्यस्थीची यादी, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, वारांनुसार वाटा, सगळी नावं रोज घेतली की नुसती हजेरी होते. नावाशेजारी प्रार्थनेची तारीख लिहा.

पहाट सगळ्यांना जमत नाही, रात्रपाळीवाल्यांना तर नाहीच. बायबलमधला संदेष्टा दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा (दानिएल ६:१०). दुपारी फक्त येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा, मिनिटही लागत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. त्या थकबाकीपायीच बरेच जण सोडून देतात.