नागपूर जिल्ह्यात मेंढीपालन: शेड टाकून नफा, की उलंगवाडीच्या वावरात?

कळमेश्वरचा वावरवाला

आमच्या भागात सध्या जिकडे जावं तिकडे एकच विषय निघतो. राष्ट्रीय पशुधन अभियानातून 500 मेंढ्या आणि 25 नर, भांडवली खर्चाला 50 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 50 लाख. पोरं प्रकल्प अहवाल घेऊन बँकेत उभी आहेत. माझं मत सरळ आहे: विकतच्या चाऱ्यावर, बंदिस्त शेडात मेंढी ठेवून नागपुरात नफा निघत नाही.

हिशोब पाहा. तीस किलोच्या मेंढीला रोज किलोभर सुका चारा लागतो. वर्षाचे साडेतीन क्विंटल. 500 मेंढ्यांना पावणेदोन हजार क्विंटल, नर आणि कोकरं वेगळी. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे फार निगुतीनं केलं तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. म्हणजे वर्षाला दीड कोकरू, त्यातून मर वजा. आईचा चारा, स्वतःचा चारा, गड्याची मजुरी आणि बँकेचा हप्ता हे सगळं त्या दीड कोकरावर. लोकरीचं म्हणाल, तर दख्खनीची लोकर जाडीभरडी, घोंगडीपुरती. तिच्यावर धंदा उभा राहत नाही.

मेंढीचा नफा तिच्या पायांत आहे. आपल्याकडे कापसाची उलंगवाडी होते, म्हणजे वेचणी संपते, तेव्हा पराटीवर (कापसाच्या झाडावर) हिरवी, किडकी बोंडं राहतात. शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या सोडा, हा गुलाबी बोंडअळीवरचा उपाय म्हणून नागपूरचीच केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते. मेंढी ती बोंडं फस्त करते, अळीचा पुढचा मुक्काम मोडतो आणि रात्री कळप बसवला की वावराला लेंडीखत मिळतं. मग तुरीचा पाला, हरभऱ्याचं कुटार (भुसा), धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत. पन्नास-साठ मेंढ्या, फिरत्या, आणि शेड फक्त पावसाळ्यापुरतं. एवढंच करा.

हिंगणा रोड

वावरवाले भाऊ, तुमचा हिशोब दख्खनीचा आहे, तोही एका कोकराचा. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तिला बऱ्याच वेतांत जुळी होतात. आईचा चारा तेवढाच आणि विकायला कोकरं जवळपास दीडपट. मग गणित तसंच राहतं का?

आणि फिरवायला माणूस कुठून आणता? कोणता तरणा पोरगा आज वैशाखात मेंढ्यांमागे चालतो? बंदिस्तात एक माणूस शंभर जनावरं पाहतो. खुराक मोजून जातो, लस वेळेवर टोचली जाते, लांडगा नाही, चोरी नाही. चाऱ्याचं म्हणाल, तर सोयाबीनची मळणी सुरू असताना गावातलं कुटार उचला, तेव्हा ते स्वस्त असतं. मार्चमध्ये घ्यायला गेलात तर मार खाणारच. दोष शेडचा नाही, उशिरा खरेदी करणाऱ्याचा आहे.

धनगराची लेक

दोघेही भाऊ कागदावर बोलता, म्हणून लिहिते. आमच्या घरात कळप होता, माझ्या दिराकडे अजूनही आहे.

वावरवाले भाऊ, उलंगवाडीचं वावर आता पूर्वीसारखं मोकळं नसतं. वेचणी संपली की ट्रॅक्टर येतो आणि रोटाव्हेटर फिरतो, नाहीतर पराटी पेटवून देतात. पूर्वी मेंढ्या बसवायला शेतकरी घरी यायचे, धान्य द्यायचे. आता आपणच विचारत फिरायचं. गावच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर अतिक्रमणं, जंगलात गेलं की चराईच्या पासाची विचारणा. त्यात गुजरातेकडच्या काठियावाडी लोकांचे मोठाले कळप त्याच चाऱ्यावर असतात, त्यांचंही पोट आहे.

आणि पावसाळा! काळ्या मातीचा चिखल मेंढीच्या खुरांच्या बेचक्यात बसतो. वाळला की दगडासारखा होतो. कातडी फाटते, माशी बसते, आळ्या पडतात. मेंढी पुढचे गुडघे टेकून चरायला लागली की समजायचं. मग एकेक पाय मांडीवर घेऊन चाकूनं तो गोळा काढायचा, धुवायचं, औषध लावायचं. हे काम आमच्यात बायाच करतात आणि कोणत्याही प्रकल्प अहवालात त्याची मजुरी धरत नाहीत. दख्खनी ही कमी पावसाच्या मुलखातली मेंढी. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पडतो.

हिंगणा रोड दादांना एक विचारते. जुळी झाली तर दोघांना पुरेल एवढं दूध मेंढीला असतं का? अशक्त कोकरू बाटलीनं कोण पाजणार, तेही रात्री दोन वाजता? पगारी माणूस उठत नाही.

निवृत्त जनावरांचा डॉक्टर

वाद चालू द्या, काही गोष्टी मात्र दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस पहिल्या पावसाच्या आधी. कोवळं गवत मनसोक्त खाल्लं की सगळ्यात धट्टंकट्टं कोकरूच आधी जातं. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस चुकवू नका. मौदा-रामटेककडे भातखाचरं आणि कालव्याचं पाणी आहे, तिथे गोगलगायींमुळे यकृतातला चपटा जंत होतो, त्याचं औषध साध्या जंतनाशकापेक्षा वेगळं पडतं. काटोल-नरखेडच्या कोरड्या वरच्या जमिनीत हा त्रास कमी. म्हणून 'नागपूर जिल्हा' असं सरसकट बोलू नका.

शेडवाल्यांसाठी खास: गाईम्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला ते सोसत नाही. यकृतात महिनोन् महिने साठतं, मग एकाएकी लघवी लाल होते आणि जनावर हातचं जातं.

फवारलेल्या पराटीत कळप घालण्याआधी मालकाला शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली ते विचारा.

महालातला खवय्या

मुळात मेंढी कशाला? सावजीत बसणारा माणूस बोकडच मागतो. विदर्भाची स्वतःची बेरारी शेळी आहे, ती पाळा.

कळमेश्वरचा वावरवाला

खवय्ये दादा, गिऱ्हाईक नागपुरातच शोधायचं असं कुठं आहे? हैदराबादकडे मेंढीच्या मटणाला मागणी आहे आणि गाडी एका रात्रीत पोचते. 2018 मध्ये तर नागपूर विमानतळावरून शारजाला शेळ्या-मेंढ्या पाठवायचं ठरलं होतं, विरोध झाला आणि बेत रद्द झाला. तो रस्ता बंद झाल्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यात फिरत्या मेंढपाळाला थेट भाव मिळायची शक्यता होती.

ताई, तुमचं खरं आहे, पण त्यातून शेड कुठं सिद्ध होतं? चिखल शेडाबाहेर असतो, कर्ज आत असतं. रोटाव्हेटर फिरण्याआधी आठ दिवस वावर द्या, हे गावातल्या दहा शेतकऱ्यांना पटवणं पाचशे मेंढ्यांच्या चाऱ्यापेक्षा स्वस्त आहे. बोंडअळीनं पोळलेला माणूस ऐकतो.

हिंगणा रोड

आठ दिवस वावर मिळालं, पुढचे? तुमच्या पद्धतीत कोकरू बाजारात कधी जाणार हे चारा ठरवतो. माझ्या पद्धतीत ते मी ठरवतो. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यावरून मी नर कधी सोडायचा ते मागे मोजत येतो.

धनगराची लेक

ईद सध्या मे महिन्यात येते, दादा. पत्र्याच्या शेडात, पंचेचाळीस अंशांत, जनावर खुराक तोंडाला लावत नाही. वजन कसं धरणार? आमचा कळप त्या दिवसांत पहाटे चरतो, दुपारी बाभळीखाली गोळा होतो आणि संध्याकाळी पुन्हा निघतो. शेड करायचंच असेल तर आधी झाडं लावा आणि कुड उघडे ठेवा. आणि राज्य सरकारच्या महामेष योजनेतल्या 20 मेंढ्या अधिक 1 नर अशा गटापासून सुरुवात कुणी करत असेल तर मला विचारा, भटक्या जमाती-क च्या, म्हणजे आमच्या धनगर घरांना 75 टक्के अनुदान आहे. मेंढ्या कशा निवडायच्या ते दिराला विचारून सांगते. दात आणि कास पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिंगणा रोड

ताई, छतावर पऱ्हाट्यांचा थर आणि दुपारी फवारे, एवढं माझ्याकडे आहे. दिरांचा कळप पावसाळ्यात कुठं असतो ते कळवा. त्यांची कोकरं चौथ्या महिन्यात मी घ्यायला तयार आहे, उरलेलं वजन शेडात धरू. भाव जिवंत वजनावर, काट्यावर.