शब्दचर्चा : विणणे, सुलट, उसवणे

दिवाळी सरली की आम्ही आठ-दहा जणी दुपारी एरंडवण्यातल्या एका बागेत सुया आणि लोकर घेऊन उन्हाला बसतो, ते संक्रांतीपर्यंत. पुण्याची थंडी पहाटे १०-१२ अंश, दुपारी तीसच्या आसपास. त्यामुळे आमच्या हातून पूर्ण बाह्यांचे स्वेटर कमी आणि बिनबाह्यांचे जास्त होतात. गेल्या आठवड्यात नव्याने यायला लागलेल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, मी ऑफिसात सांगितलं की विणकाम शिकतेय, तर समोरचा म्हणाला, हातमाग कुठे ठेवलास? निटिंगला आपल्याकडे वेगळा शब्दच नाही का?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून इथे मांडते.

मराठीत पैठणी विणतात, घोंगडी विणतात, बाज आणि नवार विणतात, कोळी बांधव जाळं विणतात, बुरूड टोपली विणतात. आणि स्वेटरही विणतात. क्रियापद एकच. इंग्रजीत मागावरचं ते वीव्हिंग आणि सुयांवरचं ते निटिंग, असे दोन शब्द आहेत. कृतीही खरोखर वेगळ्या आहेत. मागावर उभे धागे आधी ताणून लावलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. सुयांवर उभं-आडवं काही नाही. एकच धागा, त्याचा फास, फासातून ओढलेला दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा. स्वेटर ताणला की ताणतो आणि सोडला की जागेवर येतो, तो या फासांमुळे.

तरीही वेगळा शब्द घडवावा असं मला वाटत नाही. कोणी 'सुईकाम' सुचवेल, पण ते भरतकामाकडे जातं. 'गुंफणे' म्हटलं तर डोळ्यांसमोर हार येतो. मराठीने हा फरक क्रियापदात केला नाही, आजूबाजूच्या शब्दांत केला आहे. बाई 'टाका' म्हणाली की सुया आल्या. 'ताणाबाणा' म्हणाली की माग आला. आणि सगळ्यात नेमका फरक दिसतो तो वस्तू जुनी झाल्यावर. मागावरचं कापड विरतं. सुयांवरचं उसवतं.

'उसवणे' हा मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा शब्द वाटतो. शिवण उसवते आणि विणकाम उसवतं. दोन्हींत सारखं काय, तर टाके. एका धाग्याने एकापुढे एक घातलेले टाके असतील तरच ती गोष्ट उसवू शकते. धोतर उसवत नाही, ते फाटतं नाहीतर विरतं. वर्तमानपत्रात 'समाजाची वीण उसवली' असं छापून येतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात माग असो वा नसो, शब्दाने चित्र सुयांचं काढलेलं असतं. एक टाका निसटतो, त्याच्या खालचा सुटा होतो, मग त्याच्या खालचा. मधोमध उभी भेग पडत जाते आणि बाजूचे टाके मात्र जसेच्या तसे. इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुठल्या शब्दात बसलं असतं?

पण उसवणं म्हणजे नुसती नासाडी, हे मी मान्य करणार नाही. आमच्या घरी उसवणं हे कामच होतं. मला आखूड झालेला निळा स्वेटर आई पाठीमागच्या शिवणीपासून सोडवायची. गळ्याकडचं शेवटचं टोक सापडलं की ती स्वेटर मांडीवर धरायची आणि मी धागा ओढत खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जायची. ओढताना प्रत्येक टाक्याला एक बारीक हिसका बसायचा, 'टप टप टप' असा, कानाला नाही तर बोटांना ऐकू येणारा. सुटलेली लोकर कुरळ्या केसांसारखी वळणावळणाची असायची. तिची लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवायची आणि दोरीवर टांगून खालच्या टोकाला पितळी तांब्या अडकवायचा. दुसऱ्या दिवशी लोकर सरळ. मग मी दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि आई गुंडा करायची. त्यातून धाकट्या भावाचा स्वेटर झाला. लोकर कमी पडली म्हणून बाह्यांना पांढरे पट्टे आले. तिच्या बोलण्यात 'उसवून विणला' हा एकच शब्द असल्यासारखा यायचा.

आता 'सुलट'. हा शब्द एरवी एकटा कधी भेटतो का, आठवून बघा. उलटसुलट चर्चा, उलटसुलट बातम्या, कायम उलटच्या पाठीला बांधलेला. विणकामात मात्र तो स्वतःच्या पायावर उभा आहे. सुलट टाका, सुलट ओळ, सुलट बाजू. जुन्या नमुन्यांच्या वहीत तर नुसतं 'सु.' आणि 'उ.'. आणि गंमत अशी, की हे दोन वेगळे टाके नाहीतच. सुलट टाका मागून बघितला की तो उलट दिसतो. पुढून सपाट, मागून आडवी गाठ. एकाच टाक्याच्या दोन बाजूंना दोन नावं.

तुमच्या घरात कोणते शब्द आहेत? सुरुवातीला आम्ही 'टाके घालतो', शेवटी 'बंद करतो', गळ्याशी आणि बाहीशी 'टाके उचलतो'. वेगळं काही म्हणत असाल तर जरूर लिहा.

प्रतिसाद

ताई, माझं माहेर येवल्याचं. आमच्याकडे माग, ताणा, बाणा, धोटा, फणी हेच शब्द दिवसभर कानावर. तुमचं म्हणणं पटलं, पण एक गोष्ट राहिली. माझे काका विणकर. पुण्यात आल्यावर मी स्वेटर विणायला शिकले, आज वीस वर्षं विणते, तरी मला कोणी विणकर म्हटलेलं नाही आणि मलाही ते शोभणार नाही. 'विणकर' म्हटलं की मागच. मग मी कोण? क्रियापद आम्हा दोघांना सारखं मिळालं, पण करणाऱ्याचं नाव एकालाच. शब्द कमी पडतो तो इथे.

प्रतिसाद

आडनावाने नव्हे, व्यवसायाने साळी, कोष्टी, शिंपी, रंगारी, बुरूड अशी नावं तयार झाली, कारण त्या कामावर घरं चालत होती. सुयांवरचं विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत मिशनऱ्यांच्या आणि मुलींच्या शाळांमधून आलं आणि घरात बायकांच्या फावल्या वेळेचं काम म्हणून स्थिरावलं. बाजारात उभं न राहिलेल्या कामाला कर्त्याचं नाव मिळत नाही. स्वयंपाकाचंच बघा. पैसे घेऊन करणारा आचारी, आणि घरात रोज करणारी नुसती 'आई'.

प्रतिसाद

विषय थोडा बाजूला नेतो, चालेल ना? मी पक्षी बघणारा. आमच्याकडे 'विणीचा हंगाम' हा रोजचा शब्द आहे. पिल्लं घालण्याचा काळ. ही 'वीण' व्याण्याशी नात्यातली, म्हणजे गाय व्याली त्यातली. आणि तुमची 'वीण' विणण्यातली. उच्चार एक, लिंग एक, रूपही एकच : विणीचा, विणीला. पण मुळं वेगळी.

दोन्ही विणी एकत्र येतात त्या सुगरणीत. पावसाळा हा तिचा विणीचा हंगाम आणि त्याच काळात ती घरटं विणते. 'ती' म्हणतो खरा, पण विणणारा नर असतो. तो अर्धवट घरटं विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडलं तर पुढचं पुरं करतो. गवताची लांब पाती चोचीने एकमेकांत ओवत, गाठी मारत. ते सुयांसारखं की मागासारखं, हे तुम्हीच सांगा.

मूळ लेखिका

फार सुंदर लिहिलंत. पाती आरपार जातात, फासातून फास निघत नाही, तेव्हा सुगरण मागवाल्यांच्या बाजूची म्हणावी लागेल. आणि आमचाही विणीचा हंगाम आहेच की. फक्त तुमचा पावसात सुरू होतो, आमचा दिवाळीनंतर. ज्यांच्या घरी थंडीत बाळ येणार असतं, त्या मात्र श्रावणातच टाके घालतात. बाळंतविडा वेळेत व्हायला हवा ना! टोपडं, मोजे, छोटा स्वेटर, दुपटं. 'बाळंतविडा' हा शब्द दुकानात तयार संचावर छापलेला दिसला की मला बरं वाटतं. निदान हा तरी टिकला.

येवल्याच्या ताई, तुमचा मुद्दा मी सोडून दिला होता, तो खरा आहे. आमच्या बागेत आम्ही 'विणणाऱ्या' एवढंच म्हणतो. ओबडधोबड वाटतं, पण खोटं नाही.

प्रतिसाद

एक शंका. तो स्वेटर की ते स्वेटर? आमच्या घरी यावरून वाद.

प्रतिसाद

पुण्यात 'तो' जास्त ऐकू येतो, 'ते' म्हणणारेही आहेत. लोकर मात्र सगळीकडे 'ती'.

प्रतिसाद

लोकरीचा विषय निघालाच आहे तर, आता दुकानात आपण लोकर म्हणून जे घेतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. मेंढीचा संबंध नाही. तरी शब्द लोकरच राहिला. खरी लोकर पाहायची तर धनगरांच्या घोंगडीत. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचणारी, पण पावसात घोंगडी पांघरून माणूस मेंढरांमागे दिवसभर फिरतो. मऊ बाळमोजे त्या लोकरीचे होणार नाहीत.

मला 'पदर' या शब्दाबद्दल बोलायचंय. दुकानात थ्री प्लाय, फोर प्लाय म्हणतात. माझी आजी तीनपदरी, चौपदरी म्हणायची. धाग्याचं टोक बोटांत धरून उलटा पीळ दिला की पदर सुटे होतात, मोजून बघा. हाच पदर साडीला आहे, कांद्याला आहे, आणि आता रस्त्यालाही आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी. रस्त्याला पदर म्हणणाऱ्याला धागा आठवला असेल, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा 'चौपदरी लोकर' म्हणायला संकोच कशाला?

प्रतिसाद

सुयांच्या नंबरांचं कोणी सांगेल का? १२ नंबरची सुई ८ नंबरपेक्षा बारीक कशी? मी उलटं समजून मोठ्या आकड्याची घेऊन आले आणि टोपी बाहुलीच्या मापाची झाली.

मूळ लेखिका

आपल्याकडे जुनी इंग्रजी पद्धत चालत आली आहे. ते आकडे तारेच्या जाडीच्या मापाशी जुळतात. तार ओढून जितकी बारीक होईल तितका आकडा चढतो. ८ नंबर म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर त्याहून बारीक. नव्या सुयांवर मिलिमीटर लिहिलेले असतात, ते बघून घ्या म्हणजे घोटाळा होणार नाही. टोपी उसवा आणि ८ वर पुन्हा घाला. लोकर वाया जात नाही.

प्रतिसाद

विणींच्या नावांबद्दल कोणीच लिहिलं नाही! आमच्याकडे साबुदाण्याची वीण, वेणीची वीण, जाळीची वीण. नाव ऐकलं की विणलेलं दिसतं.

मूळ लेखिका

साबुदाणा माझा सर्वांत लाडका. आणि त्यात एक शिकण्यासारखं आहे. बॉर्डर आणि साबुदाणा, दोन्हींची पहिली ओळ अगदी सारखी : एक सुलट, एक उलट. फरक पडतो दुसऱ्या ओळीत. समोर जो टाका सुलट दिसतो त्यावर सुलटच घातला तर उभ्या रेघा पडतात, ती बॉर्डर, ताणणारी. सुलट दिसणाऱ्यावर उलट घातला तर दाणे उठतात. म्हणजे सुई घालण्याआधी टाक्याचं तोंड वाचता यायला हवं. आकडे मोजून नव्हे, बघून. सपाट तो सुलट, गाठीचा तो उलट. हे एकदा डोळ्याला कळलं की वहीतलं 'सु.' 'उ.' बाजूला ठेवता येतं.

प्रतिसाद

मावशी, मीच ती, ऑफिसवाली! आज सगळं वाचून काढलं. काल घरी बॉर्डर करताना मध्येच दाणे यायला लागले होते आणि मला वाटलं लोकरच खराब आहे. आता कळलं, पाचव्या ओळीपासून मी उलटावर सुलट घातलेत. तेवढ्या ओळी उसवू, की सगळंच?

मूळ लेखिका

सगळं नको. पाचव्या ओळीपर्यंतच, आणि सुई काढून ओढू नकोस, एकेक टाका मागे घे. बुधवारी येशील तेव्हा क्रोशाची सुई घेऊन ये, निसटलेला टाका खालून वर कसा उचलायचा ते दाखवते.