खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच नव्हे

वर एकांनी विचारलंय, नोकरी सांभाळून श्वानप्रशिक्षक होता येईल का; त्यावर दुसऱ्यांचं म्हणणं, खाऊ देऊन कुत्रं लालची होतं. आधी हेच बोलते. लाच कृतीच्या आधी दाखवतात, बक्षीस कृतीनंतर मिळतं. कुत्रं बसलं त्याच क्षणी 'येस' किंवा क्लिकरचा (दाबल्यावर 'टिक' वाजणाऱ्या छोट्या उपकरणाचा) आवाज, आणि मग पनीरचा नखाएवढा तुकडा. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर ते उठलेलं असतं आणि तुम्ही उठण्याचं बक्षीस देता! सवय पक्की झाली की खाऊ अधूनमधूनच द्यायचा. काटेरी पट्ट्याने झटके दिले तर कुत्रं गप्प बसतं खरं, पण भीती आतच राहते आणि एक दिवस गुरगुरल्याशिवाय चावू शकतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेनेही 2021 मध्ये सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेली पद्धत सुचवली आहे.

आता व्यवसायाचं. कुत्र्यांपेक्षा माणसांना शिकवावं लागतं, ही तयारी आहे का बघा. तुम्ही मालकाच्या घरी आठवड्यातून एक तास जाता. उरलेले दिवस आजी पोळी टाकणार, मुलं ओरडणार, म्हणून पहिल्या भेटीला सगळं घर हजर हवं. सीपीडीटी-केए या श्वानप्रशिक्षकांच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायलाच किमान 300 तासांचा प्रशिक्षणाचा अनुभव लागतो. तोवर भटक्या कुत्र्यांच्या एखाद्या निवाऱ्यात शनिवार-रविवार जा. घाबरलेल्या गावठी कुत्र्याने पहिल्यांदा आपणहून जवळ येऊन हात हुंगला, तेव्हा मला हे काम करायचंय हे पक्कं झालं.