शूटिंगच्या आधी धनुष्य 'गरम' करायचं असतं का? पहिले सहा बाण कायम खाली जातात

ऐरोलीकर बाणवाला
नमस्कार मंडळी. वय ४३, आयटीत नोकरी, तिरंदाजी सुरू करून सात-आठ महिने झालेत. धनुष्य साधंच, लाकडी हँडलचं टेकडाऊन रिकर्व्ह (सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं), ६६ इंची, ओढायला २४ पाउंड, स्ट्रिंग म्हणजे दोरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टरचा धागा), सोबत आलेली तसलीच, मागच्याच महिन्यात नवीन टाकली. रविवारी ट्रान्स-हार्बर पकडून ठाण्याला येतो, सातचा स्लॉट असतो, पोचलो की धनुष्य जोडायचं, स्ट्रिंग चढवायची आणि डायरेक्ट १८ मीटरवर सुरू.

प्रॉब्लेम असा की पहिले दोन एंड, म्हणजे सहा बाण, सगळे खाली. घड्याळात सहा वाजतात ना त्या जागी, कधी कधी तर टारगेटच्या कागदाच्याही खाली. मग हळूहळू वर यायला लागतात आणि चौथ्या-पाचव्या एंडला बरे बसतात. साईटला (नेम धरायच्या खुणेला) मी हातसुद्धा लावलेला नसतो.

आमच्याकडे एक सीनियर काका आहेत, ते म्हणाले "धनुष्य थंड आहे हो तुमचं, आधी गरम करा", आणि स्वतः बाण न लावता वीसेक वेळा सावकाश ओढतात. पण सरांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता की बाणाशिवाय धनुष्याशी खेळायचं नाही. खरं कोणाचं? आणि आपल्याकडे कसली आलीये थंडी, जानेवारीत पण आठ वाजता मला घाम फुटलेला असतो.

घोडबंदरकर
दोघंही बरोबर आहेत. रिकामं ओढणं वेगळं आणि रिकामं *सोडणं* वेगळं. बाण असला की लिंबांत (हँडलच्या वरची-खालची वाकणारी पाती, इंग्रजीत limb) साठलेली ताकद बाण घेऊन जातो, बाण नसला की ती ताकद जाणार कुठे, परत लिंबांतच आणि स्ट्रिंगमध्ये, मग लिंब तडकतं नाहीतर स्ट्रिंग तुटते आणि तुकडा तुमच्याच दिशेने येऊ शकतो. (लिंब तडकलं म्हटलं की आमच्या मातोश्री अजून विचारतात, कुठलं झाड रे?) काका ओढून तितक्याच सावकाश परत आणतात, त्यात काही चूक नाही. फक्त बोटं घामेजलेली असतील तर रिकामं ओढूच नका, सुटलं की संपलं. सरांनी नवख्यांना सरसकट नाही सांगितलं ते ह्याचसाठी.

आता गरम करण्याचं. फायबरग्लासच्या लिंबाला आपल्या हवेत गरम-बिरम काही लागत नाही. तुमचा संशयित स्ट्रिंग आहे. डॅक्रॉन ताणलं जातं, त्यात नवीन असेल तर जास्तच. चढवल्या चढवल्या ती थोडी आखूड असते, म्हणजे ब्रेस हाइट (हँडलपासून स्ट्रिंगचं अंतर) जास्त. तेव्हा बाणाला ढकलायला स्ट्रिंगला अंतर कमी मिळतं, बाण जरासा हळू सुटतो, खाली लागतो. वीस-पंचवीस बाणांत स्ट्रिंग बसते, ब्रेस हाइट उतरते, बाण वर. ६६ इंचीला साधारण सव्वाआठ ते पावणेनऊ इंच ठेवतात. टी स्क्वेअर (स्ट्रिंगला अडकवायची टी आकाराची पट्टी) घ्या, चढवल्यावर मोजा, दोन डझन बाणांनी परत मोजा. पण अर्धा हात खाली जात असतील तर एवढ्यानं भागणार नाही, बाकीचा फरक तुमच्यातच आहे.

खारघरची ताई
बाकीचा फरक मी सांगते. दादा, तुम्ही आठवडाभर लॅपटॉपवर वाकून बसता, रविवारी ट्रेनमधे एका हाताने बॅग आणि एका हाताने हँडल धरून येता आणि उतरल्या उतरल्या २४ पाउंड ओढता, तेव्हा तुम्ही पूर्ण ओढतच नसणार! अर्धा-पाऊण इंच जरी कमी ओढलं तरी बाण खाली जातो, आणि ते आपलं आपल्याला कळत पण नाही. कोणालातरी बाजूने व्हिडिओ काढायला लावा, पहिला बाण आणि विसावा बाण, हनुवटीपाशी हात कुठे येतो ते बघा.

मी डॉक्टर-बिक्टर नाही पण असंच थंड खांद्याने ओढून उजवा खांदा दुखावून घेतला आणि पाच महिने घरी बसले, केसांना पिन लावता येत नव्हती, म्हणून पोटतिडकीने लिहितेय. मी आता काय करते, पाच मिनिटं भरभर चालते, अंगात ऊब आली पाहिजे. मग हात मोठे गोल फिरवायचे दोन्हीकडून, भिंतीला टेकून पुशअप, आणि पाठीची फावडी (खांद्यांमागची सपाट हाडं) मागे एकमेकींकडे आणायची दहा-पंधरा वेळा, कारण धनुष्य दंडाने नाही, तिथून ओढायचं असतं. मग फिजिओवाले देतात तो रबरी बँड धनुष्यासारखा धरून दहा-बारा वेळा, आणि *दोन्ही बाजूंनी*, डाव्या हाताने पण ओढायचं, नाहीतर एकच बाजू कमावली जाते. हात ताणून अर्धा-अर्धा मिनिट धरून ठेवायचं ते शूटिंग झाल्यावर करा, आधी केलं तर स्नायू ढिले पडतात.

त्यानंतरही लगेच १८ मीटर नको. बट्ट्यापासून (टारगेटचा कागद लावतात तो जाड ठोकळा) पाच पावलांवर उभं राहा, समोर कागद नको, बारा-पंधरा बाण नुसते सोडा. लागले कुठे ते बघायचंच नाही, खांदा खाली आहे ना एवढंच. तोवर घोडबंदरकर म्हणतायत तशी स्ट्रिंग पण बसून जाईल, एका दगडात दोन पक्षी.

बांबूवाला_कळवा
काकांना एकदम मोडीत काढू नका हो लोकांनो. मी इंडियन राउंड खेळलेला माणूस, बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटर. बांबू-लाकडाला खरंच तयार करावं लागतं. ओढताना तुमच्याकडच्या बाजूचे तंतू दाबले जातात, पलीकडचे ताणले जातात, एकदम फुल ओढलं तर कधीतरी कडकन जातं. पाव, मग अर्धं, मग पाऊण, प्रत्येकी चार-पाच वेळा, मग पूर्ण, आणि पूर्ण ओढून धरून उभं नाही राहायचं. काका जुन्या धनुष्यावर शिकले असतील, सवय हाताला लागलेली. कोरियात शिंग आणि स्नायुतंतूंचं पारंपरिक धनुष्य असतं ते तर उबदार पेटीत ठेवतात आणि चढवायच्या आधी शेकून आकार नीट करतात, कारण जोडायचा डिंक माशाचा, दमट हवेत तो ढिला पडतो. आपल्याकडच्या खाडीच्या हवेत त्याचं काय झालं असतं देव जाणे.

आणि आपल्याकडे धोका थंडीचा नाही, उन्हाचा! मे महिन्यात माझं लॅमिनेटेड लिंब बंद गाडीत राहिलं, दुपारभर उघड्या पार्किंगमधे, संध्याकाळी बघतो तर थर सुटायला लागलेले. गाडीत धनुष्य ठेवू नका. आणि स्ट्रिंग चढवायला स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवायचा दोर) वापरा, पायात अडकवून चढवलं की लिंब पिळवटतं.

नेरूळ_कंपाउंड
कंपाउंडवाल्यांनी (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) मात्र रिकामं अजिबात ओढू नये, रिलीज (स्ट्रिंग सोडायचा हातातला खटका) चुकून सुटला तर केबल, कॅम म्हणजे ती चाकं, लिंब सगळ्याचा खर्च. २०२३ ला बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे वर्ल्ड चॅम्पियन झाल्यापासून आमच्या ग्राउंडवर अर्धी पोरं कंपाउंडवाली आहेत आणि सगळ्यांना आल्या आल्या ओढून दाखवायची खाज, म्हणून लिहिलं.

ऐरोलीकर बाणवाला
काल करून बघितलं. चढवल्यावर साडेआठ इंच, तीस बाणांनंतर सव्वाआठला टेकलं. पण मोठा चोर ताईंनी पकडला, व्हिडिओत पहिल्या एंडला माझा हात हनुवटीच्या चांगला पुढे आहे, मला शपथेवर वाटत होतं की टेकलाय. बँड आणि पाच पावलांवरचे पंधरा बाण करून १८ मीटरवर गेलो तर पहिल्या तीनातले दोन लाल रंगात. आता स्ट्रिंगला पीळ देऊन ब्रेस हाइट वर आणू का?

घोडबंदरकर
आणा, पण चार-पाच पीळच द्या एका वेळी, आणि स्ट्रिंगचा जो पीळ आहे त्याच दिशेने, उलटा दिलात तर उलट लांबेल. पीळ दिल्यावर नॉकिंग पॉईंट (स्ट्रिंगवर बाण अडकवायची खूण) परत तपासा, तो सरकतो. आणि मेण लावा, बोटांनी चोळून, हाताला चटका बसेपर्यंत. गरम करायची हौस असेल तर ती तिथे भागवा.